जखमेलाही वाफसा लागतो
हायड्रोजेल या औषधी द्रव्याची ओळख आणि भाजल्यावर करावयाचे उपाय



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागात दोन ठिकाणी गर्दी होते. एक गव्हाणीपुढे उसाच्या गाड्यांची, आणि दुसरी दवाखान्यात कापल्या-भाजल्याची. तोडणीत कोयता निसटून नडगीवर बसतो. गुऱ्हाळावर काहिलीतला रस अंगावर उडतो. पाचट पेटविताना वारा फिरतो आणि जाळ अंगावर येतो. घरात चुलीवरचे आधण सांडते, आणि बहुतेक वेळा ते लहान लेकराच्याच अंगावर सांडते. म्हणून या वेळी उसाची जात किंवा खताची मात्रा बाजूला ठेवून आम्ही जखमेविषयी लिहीत आहोत. विषय परका वाटेल, पण शेवटी तो पाण्याचाच विषय आहे. आणि पाण्याची किंमत नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

आधी आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आम्ही शाळेत असताना आमच्या शेतात गुऱ्हाळ चाले. एके दिवशी धाकट्या भावाच्या हातावर काहिलीतला दाट झालेला रस उडाला. गूळ उतरविण्याच्या सुमारास काहिलीतले तापमान ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त. शिवाय असा रस पाण्यासारखा ओघळून जात नाही. तो कातडीला चिकटतो आणि चिकटल्या जागी भाजतच राहतो. लेकरू ओरडत होते. माय म्हणाली, "पाणी नका लावू रे, फोड येतील." कोणी तूप आणले, कोणी हळद आणली. आम्ही स्वतः धावत जाऊन दप्तरातली शाईची दौत आणली आणि त्याच्या हातावर उपडी केली. शाईने थंड वाटते असे कुठेतरी ऐकले होते.

पाच पावलांवर विहिरीचे पाणी पाटाने उसाला चालले होते. त्या पाण्यात हात धरावा, हे एवढ्या माणसांत एकालाही सुचले नाही.

दवाखान्यात पोचायला संध्याकाळ झाली. शाई आणि तुपाच्या लेपाखाली जखम किती खोल आहे हेच डॉक्टरांना दिसेना. तो लेप काढताना भावाने फोडलेला हंबरडा आजही आमच्या कानात आहे. पुढे जखमेत पू झाला, महिनाभर पट्ट्या चालल्या. भाऊ आज शेती करतो, पण उजव्या हाताची दोन बोटे पुरती उघडत नाहीत. आमच्यापैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. माहिती नव्हती, एवढेच. ती माहिती आज उपलब्ध आहे. ती प्रत्येक सभासदाच्या घरी पोचावी, यासाठी हा पाठ.

१. वाफसा म्हणजे काय, हे जखमेलाही विचारा

वाफसा आपल्याला सांगावा लागत नाही. जमीन कोरडी ठणठणीत असली तर मूळ चालत नाही. पाणी तुंबले तर मुळाला हवा मिळत नाही, ते सडते. ओल आणि हवा दोन्ही बेताने असतील तेव्हाच पीक उभारी धरते. जखमेचेही तसेच आहे.

आपला समज मात्र वर्षानुवर्षे उलटा होता. जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, वर खपली धरली म्हणजे जखम बरी झाली, असे आपण मानत आलो. डॉक्टरही पूर्वी असेच मानत. १९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्लंडमधील संशोधकाने हा समज तपासून पाहिला. त्यांनी डुकराच्या पिलांच्या पाठीवर सारख्या, उथळ जखमा केल्या. काही जखमा उघड्या ठेवल्या आणि काहींवर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा झाकला. झाकलेल्या, ओल टिकून राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली.

याचे कारण सोपे आहे. नवी कातडी म्हणजे जिवंत पेशींचा थर. या पेशी जखमेच्या काठाकडून मधे सरकत येतात. त्यांना सरकायला ओली वाट लागते. वर कडक खपली धरली की ओलीच्या शोधात त्यांना खपलीच्या खालून, खोलातून वाट काढावी लागते. भेगाळलेल्या रानात उसाच्या मुळाचे जे हाल होतात, तेच त्यांचे होतात. आपण उसात पाचटाचे आच्छादन करतो ते कशासाठी? उन्हाने ओल उडू नये म्हणून. जखमेवरची चांगली पट्टी हेसुद्धा एक आच्छादनच आहे. ते जखमेची ओल राखते आणि वरची घाण व जंतू आत जाऊ देत नाही.

भाजलेल्या जागी तर याची गरज अधिकच. शरीरातले पाणी आत राखणे हे कातडीचे मोठे काम. कातडी जळाली की तो बांधच फुटतो. आतले पाणी पाझरून जाते, जंतूंना आत यायला वाट मिळते, आणि उघड्या पडलेल्या मज्जातंतूंना वाऱ्याची झुळूकही झोंबते.

२. हायड्रोजेल म्हणजे काय?

नाव इंग्रजी असले तरी वस्तू आपल्या स्वयंपाकघरातली आहे. उन्हाळ्यात सब्जाचे बी पाण्यात टाकून पाहा. थोड्याच वेळात प्रत्येक काळ्या दाण्याभोवती काचेसारखा गुळगुळीत गोळा तयार होतो. तो गोळा म्हणजे जवळजवळ पाणीच. पण ते पाणी वाहून जात नाही, चमच्यात उचलता येते. इसबगोल भिजवल्यावर फुगतो, चायना ग्रास उकळून थंड केल्यावर थिजते, त्यातही हाच प्रकार आहे. पाणी धरून ठेवणारे, पण पाण्यात विरघळून न जाणारे असे जे द्रव्य, त्याला हायड्रोजेल म्हणतात.

याची घडण मासे धरायच्या जाळ्यासारखी समजावी. काही पदार्थांचे रेणू लांबलचक दोऱ्यासारखे असतात आणि त्यांना पाण्याची ओढ असते. नुसते दोरे पाण्यात टाकले तर ते विरघळून खळीसारखे पातळ होतील. पण दोऱ्याला दोरा जागोजाग गाठीने बांधला तर जाळे तयार होते. मग पाणी आत शिरते, जाळे फुगते. पण गाठींमुळे ते सुटे होत नाही. गाठी कमी असल्या तर जेल मऊ होते, जास्त असल्या तर टणक. सगळी कारागिरी या गाठी मारण्यात आहे.

शरीराच्या उपयोगासाठी असे जेल मुद्दाम तयार करण्याचा मान झेकोस्लोव्हाकियाचे ओटो विख्टरले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लिम यांच्याकडे जातो. त्यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. जिवंत शरीरात बहुतेक भाग ओला आणि मऊ असतो. मग त्याच्या सान्निध्यात ठेवायची वस्तू कोरडी, टणक का असावी, असा त्यांचा विचार होता. डोळ्यात बसविण्याची मऊ भिंगे या द्रव्याची करावीत असे त्यांच्या मनात होते. संस्थेत त्या कामाला पुरेसा पाठिंबा मिळेना. तेव्हा १९६१ च्या नाताळात विख्टरले यांनी घरातल्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातल्या लोखंडी पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र उभे केले. साचा गरगर फिरवून त्यात त्यांनी मऊ भिंगे ओतली. आज जगभर कोट्यवधी लोक डोळ्यात जी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालतात, तिची सुरुवात त्या टेबलावर झाली. जुगाड काही आपल्याच गावात होतात असे नाही!

पुढे हेच तत्त्व जखमेच्या पट्टीला लावले गेले. हायड्रोजेलची पट्टी दिसायला पारदर्शक, हाताला गार आणि वजनाने बहुतांशी पाणीच असते. ती जखमेला ओल पुरवते आणि जखमेतून पाझरणारे थोडे पाणी आत ओढूनही घेते. ती गार असल्याने आग कमी होते. पारदर्शक असल्याने पट्टी न काढता खालची जखम दिसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती जखमेला चिकटत नाही. साधा गॉज सुकून जखमेला चिकटतो. तो ओढून काढला की त्याच्याबरोबर नुकतीच आलेली कोवळी कातडीही निघते. म्हणजे रोज पेरायचे आणि रोज उपटायचे.

३. मुंबईत झालेले काम

हे सगळे परदेशातच झाले असे नाही. मुंबईला तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणू म्हटला की आपल्याला वीज किंवा बाँब आठवतो. पण याच केंद्रात भाजलेल्या जखमेसाठी हायड्रोजेलची पट्टी तयार करण्यात आली आणि तिचे तंत्र देशी कारखान्यांना देण्यात आले. तेथील शास्त्रज्ञ ललित वार्ष्णेय यांनी २००७ साली या विषयावर निबंध प्रसिद्ध केला आहे.

या पट्टीचा मुख्य घटक पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. नावात अल्कोहोल असले तरी आसवनीतल्या अल्कोहोलशी त्याचा गोंधळ करू नये. ती पाण्यात विरघळणारी पांढरी पूड असते. तिच्याबरोबर समुद्री शेवाळापासून मिळणारे अगर, म्हणजे आपले चायना ग्रास, आणि तसाच कॅरागीनन नावाचा पदार्थ घालतात. मिश्रण गरम पाण्यात विरघळवून साच्यात ओततात, थंड करून वर पाकीट बंद करतात आणि मग त्यावर किरणांचा मारा करतात. किरण रेणूंच्या दोऱ्यांत गाठी मारतात, जाळे तयार होते. त्याच वेळी पाकिटातले जंतूही मरतात. गाठी मारायला वेगळे रसायन नको आणि निर्जंतुक करायला वेगळी भट्टी नको. एका पाळीत दोन कामे.

किरणांचे नाव ऐकून भिण्याचे कारण नाही. किरण पाकिटातून आरपार जातात, पण पट्टी स्वतः किरणोत्सारी होत नाही. वैद्यकीय वस्तू किरणांनी निर्जंतुक करणारे आयसोमेड हे केंद्र तुर्भ्यालाच १९७४ मध्ये सुरू झाले. आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे लासलगाव. तेथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण देण्याचे केंद्र २००२ साली उभे राहिले. कांद्याला दिली जाणारी मात्रा अगदी थोडी असते आणि जखमेच्या पट्टीला लागणारी शेकडो पटींनी जास्त, पण तत्त्व तेच.

मुंबईच्या डॉक्टरांनी आणखी एका दिशेने विचार केला. तयार पट्टी महाग पडते, गरिबाचे काय? १९८५ साली डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्याने उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून, निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर वापरल्या. साल ओल धरते आणि जखमेला चिकटत नाही, हे त्यांनी दाखविले. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी करून पाहिली. त्यांचे निबंध २००३ साली प्रसिद्ध झाले. केळीचे पान गुळगुळीत, मेणचट, पाणी न सोडणारे. ते जखमेवरून काढताना रोग्याला दुखत नाही, आणि बटाट्याच्या सालीपेक्षाही ते पुष्कळ स्वस्त पडते. अर्धापूरच्या केळीबागेतल्या आपल्या सभासदांना हे वाचून बरे वाटेल. ज्या पानावर आपण पंगतीला जेवतो, त्या पानाने मोठ्या रुग्णालयात भाजलेल्यांच्या वेदना कमी केल्या.

मात्र येथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. ही पाने पट्टीवर चिकटवून, दाबाच्या वाफेत जंतुविरहित करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरलेली होती. बागेतले पान तोडून थेट जखमेवर ठेवू नये. फवारणीचे औषध आणि धूळ त्यावर असतेच.

४. कुठे चालते आणि कुठे चालत नाही

कोणतेही खत सगळ्या जमिनीला चालत नाही, तसेच हेही आहे.

हायड्रोजेल चांगले चालते ते वरवरच्या व मध्यम भाजलेल्या लहान जखमांवर, खरचटलेल्या जागेवर, आणि ज्या जखमेत कोरडा, मेलेला थर धरून बसला आहे तेथे. कोरडे ढेकूळ फुटत नसेल तर आपण आधी पाणी देतो, ढेकूळ मऊ झाले की कुळव सहज चालतो. तसा जेलच्या ओलीने मेलेला थर मऊ होऊन सुटतो आणि खालची जिवंत जागा मोकळी होते. मधुमेहाच्या रोग्याच्या पायावरील काही जखमांना डॉक्टर याचसाठी जेल लावतात.

जी जखम आधीच सारखी पाझरते, तिला जेल देऊ नये. चिबड जमिनीला पुन्हा पाणी देण्यासारखे ते होईल. भोवतीची कातडी पांढरी पडून नासते. तेथे पाणी शोषणाऱ्या दुसऱ्या पट्ट्या लागतात, म्हणजे चर काढायचा असतो. जखमेत पू असेल, दुर्गंधी असेल, ताप असेल तर नुसत्या जेलवर विसंबू नये. कातडी पूर्ण जाडीने जळाली असेल तर जेलने कातडी उगवत नाही. तेथे शस्त्रक्रिया करून दुसरीकडची कातडी लावावी लागते. आणि अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर थंडगार जेलने सारे अंग गार पडून जिवाला धोका होतो, विशेषतः लेकरांच्या.

मधुमेही सभासदांना वेगळे सांगावेसे वाटते. पायाची जाणीव कमी झालेली असते, म्हणून उसाचा खुंट लागलेला कळत नाही. अनवाणी पाणी द्यायला जाऊ नये. रात्री झोपताना तळपाय पाहावा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगावे. लहान जखमेला आठ दिवस घरचे उपाय करीत बसू नये.

५. उसाचा याच्याशी काय संबंध?

संबंध आहे. आपण बॉयलरमध्ये जो बगॅस जाळतो, त्याच्या कोरड्या वजनाचा चाळीस टक्क्यांच्या पुढेमागे भाग सेल्युलोजचा असतो. सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज हा पदार्थ तयार होतो. डोळे कोरडे पडल्यावर डॉक्टर जे थेंब देतात त्यांतील पुष्कळ औषधांत हाच असतो, आणि जखमेवरच्या अनेक जेलमध्येही. व्यापारात तो मुख्यतः लाकडाच्या आणि कापसाच्या सेल्युलोजपासून होतो. बगॅसपासूनही तो करता येतो हे प्रयोगशाळांत सिद्ध झाले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने जमिनीत ओल राखण्यासाठी काढलेले पुसा हायड्रोजेलही सेल्युलोजवर आधारलेले आहे. म्हणजे रानाची ओल आणि जखमेची ओल राखणारे पदार्थ एकाच कुळातले.

साखरेविषयीही सभासद विचारतात. जखमेवर साखर भरण्याची रीत जुनी आहे, आणि तिला शास्त्रीय आधारही आहे. मुरंब्याला बुरशी का धरत नाही? साखर पाणी ओढून घेते, जंतूंना पाणीच उरत नाही. अमेरिकेतील डॉ. नटसन यांनी १९८१ साली ६०५ रोग्यांच्या जखमांवर साखर आणि आयोडीनयुक्त औषधाचे मिश्रण वापरून चांगला गुण आल्याचे लिहिले आहे. पण ते रुग्णालयातील काम होते. पोत्यातली साखर घरी जखमेवर ओतू नये, आणि भाजलेल्या जागी तर मुळीच नको.

६. भाजल्यावर पहिली वीस मिनिटे

आता पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग. हायड्रोजेल नंतरचे. ते गावात मिळेलच असे नाही. पण पहिले औषध प्रत्येक आखाड्यावर आहे, ते म्हणजे पाणी. आच लागणे थांबले तरी कातडीच्या आत उष्णता साठून राहते आणि खोल भाजत जाते. ती काढून घ्यायला पाण्यासारखे दुसरे काही नाही. खालील गोष्टी क्रमाने लक्षात ठेवाव्यात.

(अ) आधी जाळ थांबवा. कपडे पेटले असतील तर पळू देऊ नका; जमिनीवर आडवे पाडून लोळवा, जाड सुती चादर किंवा घोंगडे टाका. विजेचा धक्का असेल तर आधी प्रवाह बंद करा, मगच माणसाला हात लावा.

(आ) भाजलेला भाग साध्या, वाहत्या, थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरा. घड्याळ लावून वीस मिनिटे. फोड पाण्याने येत नाहीत, भाजल्याने येतात. पहिल्या काही मिनिटांत जमले नाही तरी तीन तासांच्या आत पाणी दिल्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नका. लहान मूल असेल तर भाजलेल्या जागी पाणी आणि बाकी अंगावर पांघरूण ठेवा. अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर अंग गार पडू न देता लवकर दवाखाना गाठा.

(इ) उकळता रस किंवा काकवी चिकटली असेल तर ओरबाडू नका. पाणी चालू ठेवा. साखर पाण्यात विरघळते, थर आपोआप सुटतो.

(ई) बांगड्या, अंगठी, जोडवी, घड्याळ, करदोडा लगेच काढा. थोड्याच वेळात सूज येते आणि मग ते कापावे लागतात. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नका.

(उ) कारखान्यात कोरडा चुना अंगावर पडला तर आधी झटकून काढा, मग भरपूर पाणी. कॉस्टिक सोडा असेल तर लगेच पाणी, आणि बराच वेळ. डोळ्यात गेले तर पापणी उघडी धरून निदान वीस मिनिटे धुवा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

(ऊ) शाई, दातांची पेस्ट, तूप, तेल, हळद, राख, शेण, अंड्याचा बलक यांतले काहीही लावू नका. फोड फोडू नका. धुतलेल्या स्वच्छ सुती कापडाने सैल झाका आणि निघा.

(ए) दवाखान्यात केव्हा जायचे? रोग्याचा स्वतःचा तळहात बोटांसह म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का भाग. तळहातापेक्षा जास्त भाजले असेल, किंवा तोंड, हात, पाय, सांधा, गुप्तांग भाजले असेल, विजेने किंवा रसायनाने भाजले असेल, जागा पांढरी वा काळी पडून दुखेनाशी झाली असेल, धूर छातीत गेला असेल, किंवा रोगी लहान मूल वा म्हातारा असेल, तर वाट पाहू नका. न दुखणारी जखम बरी असे समजू नका. तीच सर्वांत खोल असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यावरील उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्यावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारावे.

कोणी म्हणेल, वीस मिनिटे वाहते पाणी आणायचे कुठून? रास्त प्रश्न आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी लातूरला आले, तो उन्हाळा आपण विसरलेलो नाही. पण येथे धबधबा लागत नाही. नळाची बारीक धार पुरते. नळ नसेल तर दोन कळशा स्वच्छ पाणी तांब्याने संथपणे ओतत राहावे. तेही नसेल तर स्वच्छ कापड भिजवून ठेवावे आणि ते गरम झाले की पुन्हा भिजवावे. गुऱ्हाळावर, पाचट पेटविण्याच्या जागी आणि ऊसतोड टोळीच्या तळावर भरलेली एक घागर केवळ याच कामासाठी झाकून ठेवावी. आमच्या घरी त्या दिवशी पाण्याचा पाट वाहत होता आणि तरी पाणी मिळाले नाही, हे लक्षात असू द्यावे. टंचाई पाण्याची नव्हती, माहितीची होती.

ऊसतोड मजुरांचा उल्लेख मुद्दाम केला. त्यांच्या कोप्या पाचटाच्या, चुली कोपीच्या तोंडाशी, आणि लेकरे चुलीभोवती. आई-बाप पहाटेच फडात जातात. हा पाठ आपल्या शेतात उतरलेल्या टोळीला एकदा वाचून दाखवावा, अशी प्रत्येक सभासदाला आमची विनंती आहे.

उजळणीसाठी प्रश्न

पुढील गटसभेत किंवा घरात मुलांकडून हे प्रश्न सोडवून घ्यावेत.
१. खपली धरलेली जखम आणि ओल राखलेली जखम, यांत कोणती लवकर भरते आणि का?
२. सब्जाचे भिजलेले बी आणि जखमेवरची हायड्रोजेलची पट्टी यांत सारखे काय आहे?
३. सतत पाझरणाऱ्या जखमेला जेल का देऊ नये?
४. भाजल्यावर पाणी किती मिनिटे द्यावे? काय लावू नये?
५. भाजलेली जागा दुखत नसेल तर ते चांगले लक्षण की वाईट?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या शाळकरी मुलाला तोंडपाठ असावे. कारण प्रसंग येतो तेव्हा थोरली माणसे घाबरतात, आणि धावत जाऊन काहीतरी आणणारे पोरच असते. आम्ही दौत आणली होती. तुमच्या घरच्या पोराने तांब्याभर पाणी आणावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. कळावे.